गाद्या उसवणारी महरजियामावशी

उन्हाळा लागला की ट्युनिशियातल्या आमच्या केफ गावात घरोघरच्या गाद्या उसवल्या जातात. आतली लोकर काढायची, धुवायची, गच्चीवर वाळवायची, हातानं पिंजून पुन्हा भरायची. हे काम महरजियामावशीचं. तीस वर्षं ती हेच करत आली, त्यामुळे कुठल्या घरातलं कोणतं लेकरू अंथरूण ओलं करतं हे तिला लोकरीवरच्या पिवळ्या कडांवरून कळायचं. पण तिच्या तोंडून त्याबद्दल कधी अवाक्षर निघालं नाही. जिथे एकानं शिंकलं तरी चार घरांत चौकशी होते, तिथे तिनं हे कसं सांभाळलं याचं मला आजही नवल वाटतं.

माझी सिरीन तेव्हा नऊ वर्षांची होती. ओलं अंथरूण रोजचंच. वर शाळेच्या तक्रारी: एका जागी बसत नाही, वह्या हरवते, बाई शिकवतात आणि ही खिडकीबाहेर बघते. सासूबाईंच्या मते पोरगी आळशी आणि हट्टी. गुरुवारी तिला डाग द्यायला न्यायचं त्यांनी ठरवलं. तापल्या लोखंडाचे दोन डाग कमरेवर दिले की मूल सुधारतं, असं आमच्याकडे अजून मानतात. मीही हो म्हणून बसले. चादरी धुऊन इतकी वैतागले होते.

त्याच मंगळवारी मावशी आमच्या अंगणात गादी उसवत बसली होती. सिरीन समोर लोकर पिंजत होती, म्हणजे दोन झुपके पिंजायची आणि मांजरामागे पळायची. मध्येच पाय आवळून नाचायला लागली.

"जा गं, आधी जाऊन ये," मावशी म्हणाली.

"मला नाही लागली."

"तुला नसेल, तुझ्या पायांना लागलीये. त्यांना घेऊन जा."

सिरीन हसत पळाली. मावशी मला म्हणाली, "सकाळपासून चार वेळा पाठवली. हिला लागलेलं कळतच नाही बघ, मन दहा ठिकाणी. जागेपणी कळत नाही ते झोपेत काय कळणार?"

मी थक्क झाले. नऊ वर्षं पोर माझ्या मांडीवर वाढली, आणि हे मला कधी दिसलं नव्हतं.

"गुरुवारनंतर बरोबर कळेल," सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या. "डागलं की येते ताळ्यावर."

मावशीनं कात्री खाली ठेवली. उठून अंगणाचं दार लोटलं, आमच्याकडे पाठ केली आणि झगा वर उचलला. कमरेवर अंगठ्याएवढे दोन काळे वण होते.

"सात वर्षांची होते, हज्जा," हज करून आलेल्या माझ्या सासूबाईंना ती म्हणाली. "तरी तेराव्या वर्षापर्यंत ओलं करतच होते. डागानं एवढंच झालं की मी सांगायचं बंद केलं. आई शेतावर गेली की टाके उसवायचे, ओली लोकर काढून ओढ्यावर धुवायचे. हा धंदा मला कुणी शिकवला नाही."

"तुझ्या आईनं केलं हे?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"मायेनंच केलं. माझा हात धरून रडत होती. गुण आला म्हणून आयुष्यभर सगळ्यांना सांगत राहिली बिचारी."

लोकांचं इतकी वर्षं झाकणाऱ्या बाईनं स्वतःचं उघडं केलं होतं, तेही दुसऱ्याच्या पोरीसाठी. सासूबाई ओट्यावरून खाली उतरल्या आणि मला म्हणाल्या, "वासिला, गुरुवारी दवाखान्यात घेऊन जा तिला."

ट्युनिसहून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. लक्ष न लागणं आणि अंथरूण ओलं होणं पुष्कळ मुलांत जोडीनं असतं, मूल मुद्दाम करत नाही, ठरल्या वेळी आठवणीनं पाठवत जा, असं त्या म्हणाल्या. मावशीनं अंगणात हेच सांगितलं होतं, आणि तिला तर अक्षरओळखही नाही.

मग त्यांनी सिरीनला तपासायला झोपायला सांगितलं. सिरीन हलेना. भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात कमरेमागे दाबून ती उभी राहिली. डाग देण्याबद्दल आम्ही तिला एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

"कुणी डागणार नाही गं," मी म्हणाले. तिचे हात सोडवायला मला फार वेळ लागला.