जाड सुकटीचं वर्ष

पावसाळ्याआधी धुळ्याच्या बाजारात डहाणूकडची एक म्हातारी सुकट, म्हणजे वाळवलेला बारीक जवळा, घेऊन बसायची. देवपुरातून पांझरेचा पूल ओलांडून आई आणि मी वर्षाची सुकट भरायला तिच्याकडेच जायचो. नव्वदीच्या सुरुवातीला एका वर्षी तिच्या पाटीतली सुकट चांगली जाडजूड निघाली. आई हरखली. समुद्र आम्ही बापजन्मात पाहिला नव्हता, पण मालाची पारख मात्र आम्हालाच होती!

"यंदा माल भारी शे," आई म्हणाली.

म्हातारी हसली नाही. तिने चिमूटभर सुकट आईच्या तळहातावर ठेवली.

"हा जवळा नाय, बाय. कोळंबीची पोरं हायत. मोठी कोळंबी जपानला जाते, अमेरिकेला जाते. आता थायलंडवाले तळ्यात कोळंबी पाळतात, म्हणून आमचा दर पडला. दर पडला, तसं माझ्या मुलानं ट्रॉलरला बारीक जाळं लावलं. लहानमोठं काय येईल ते ओढतो. जी विकली जात नाय, ती मी सुकवते. पण हीच वाढली नाय, तर पुढं धरणार काय?"

आईचा तळहात तसाच उघडा होता. त्यावर टाचणीच्या टोकाएवढे काळे डोळे दिसत होते, जोडीजोडीने. मला वाटलं, आई ती चिमूट परत पाटीत टाकेल आणि आम्ही घरी जाऊ.

आईने ती चिमूट पिशवीत झटकली आणि पिशवीचं तोंड आणखी रुंद केलं.

"मंग आखो दोन माप टाक. पुढला साल भेटी का नही, कोन जाने!"