आबांच्या गाडीचा क्लच

पंच्याहत्तर-शहात्तर साल असेल. माझे वडील, आबा, कोल्हापूर ते इचलकरंजी टॅक्सी चालवायचे आणि मी उचगावच्या रस्त्याला गॅरेज टाकलं होतं. बाप ड्रायव्हर, लेक मिस्त्री. घरात एक रीत होती, आबांच्या सीटवर दुसऱ्या कुणी बसायचं नाही. गाडी दुरुस्तीला आली तरी मी खाली आडवा आणि क्लच दाबायला वर आबाच.

गणपती झाले आणि गाडीचा गिअर पडेना. पहिला टाकताना करकर, रिव्हर्सला तर विचारू नका. इंजिन बंद करून बघितलं, चारी गिअर अलगद पडले. म्हणजे गिअरबॉक्स शाबूत, क्लच पुरता सुटत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. पेडलचा ढिलेपणा काढला. चार दिवस बरं, मग पुन्हा तेच. प्लेट बदलली, तरी तेच. मग माझंच डोकं फिरलं आणि चांगला गिअरबॉक्स खोलला, एकदा नव्हे, दोनदा. यात दोन महिने गेले.

मी मुळातच तापट. एक दिवस गाडीखालून ओरडलो, "आबा, पुरता दाबा की क्लच!"

"दाबलाय की," आबा म्हणाले. एवढा हळू आवाज त्यांचा मी कधी ऐकला नव्हता.

क्लचचा दांडा माझ्या डोळ्यांसमोर होता. तो निम्माच सरकला होता. बाहेर येऊन दारातून वाकून बघितलं. पेडल अर्ध्यावर, त्यावर आबांचा डावा पाय, आणि मांडी थरथरत होती. पाय तळाला टेकलाय असंच त्यांना वाटत होतं.

मी त्यांना उतरायला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या सीटवर बसलो, इंजिन चालू केलं, क्लच दाबला. पहिला गिअर आवाज न करता पडला. आबा दाराला धरून उभे होते.

"गाडी बरी हाय की," ते म्हणाले.

मणक्यात शीर दबत चालली होती. डॉक्टरांनी विचारलं, दोन महिने काय करत होता? काय सांगणार, कपाळ! आबा त्यानंतर कुबडीवरच आले, गाडी सुटली ती सुटलीच.

परक्याची गाडी आली की मी आधी स्वतः सीटवर बसायचो, क्लच दाबून बघायचो. बापाच्या गाडीला तेवढं केलं नाही. त्यांचा मान राखत बसलो.