सहाशे पानं आणि शिवम्माची डुलकी

मन्मथअप्पांनी शिवम्माला पहिल्यांदा पाहिलं ते स्वतःच्या लग्नात. ताशे असे कडाडत होते की वालूरच्या म्हशी उधळून थेट सेलूला जाऊन थांबल्या. आणि त्या गदारोळात नवरी बसल्या बसल्या घोरत होती.

पुढं १९३८ साली, निजामाच्या शाळेत उर्दू शिकलेल्या या कापडवाल्यानं सहाशे पानांची मराठी कादंबरी लिहिली, तेव्हा ती पारखायला दुसरं कोण मिळणार? शिवम्माला जागं ठेवील ती कादंबरी दगडालाही जागं ठेवील, असा अप्पांचा ठाम समज. रोज दुपारी ती तूर निवडायची, ते वाचायचे. जिथं तिची मान पडली, तिथलं पान बाद.

"अगं, झोपलीस का?"

"न्हाई वो, ऐकायलेय की. राजकन्या आडात पडलीय न्हवं?"

"तिला वर काढून तीस पानं झाली!"

तीसही पानं बाद.

अशी चार वर्षं गेली. अप्पांचे डोळे चुरचुरायला लागले, खांदा भरून आला, आवडते प्रसंग खोडताना पहिल्यासारखं वाईटही वाटेना. मग एका दुपारी शिवम्मा शेवटच्या ओळीपर्यंत टक्क जागी राहिली.

"सरली?" तिनं विचारलं.

"सरली," अप्पा म्हणाले, आणि भिंतीला टेकून स्वतःच झोपले.

उरलेली अठरा पानं त्यांनी पुण्याच्या एका प्रकाशकाला पाठवली. महिन्याभरानं ती परत आली. सोबत चिठ्ठी होती : आम्ही फक्त कादंबऱ्या छापतो.