सरळ पायाची अट

१० जानेवारी २०२५, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. उजवा गुडघा पूर्ण सरळ होण्यास नऊ अंश बाकी.

बॅडमिंटन खेळताना फाटलेल्या लिगामेंटच्या शस्त्रक्रियेसाठी सर्जननी एकच अट घातली होती: पाय आधी पूर्ण सरळ झाला पाहिजे, नाहीतर तारीख दीड महिना पुढे जाईल. मला दीड महिना परवडणारा नव्हता. एप्रिलमध्ये माझा पहिला स्वतंत्र प्रकल्प सुरू होणार होता आणि प्रयोगशाळेत मला स्वतःच्या पायांवर उभे राहायचे होते.

बनशंकरी भागातले आमचे घर मी शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांसाठी दोन दिवसांत सज्ज केले. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत अकरा पावले. वाटेतली पायपुसणी उचलली, न्हाणीघरात उंच स्टूल ठेवले, वॉकर दारातून जातो का ते टेपने मोजले. स्वयंपाकघरातले डबे खालच्या फळीवर आणायला मात्र आईने साफ नकार दिला.

"गुडघा तुझा, स्वयंपाकघर माझं."

गुडघा ऐकत नव्हता. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम करून संध्याकाळी आकडा चारवर येई. सकाळी पुन्हा नऊ. रोजचे आकडे लिहायच्या वहीत सहा दिवसांचा आलेख काढला, तेव्हा दोष व्यायामात नाही, झोपेत आहे, हे उघड झाले. नाश्त्याला मी तसे बोलून दाखवले.

"झोपेत कसला दोष?" आई म्हणाली. "तू झोपलीस की मी गुडघ्याखाली लोड सरकवते. स्वल्प आराम पडतो. तुझ्या आजीलाही असाच द्यायचे."

"आई, त्या लोडामुळेच गुडघा रात्रभर वाकलेला राहतो!"

"म्हणजे दिवसा तू सरळ करायचीस आणि रात्री मी वाकवायचे?"

"छान जमलंय दोघींचं," वर्तमानपत्रामागून अण्णा, माझे वडील, म्हणाले.

आई हसली नाही. त्याच दुपारी तिने जुन्या सुती साडीची घट्ट गुंडाळी केली आणि मी दाखवले तशी टाचेखाली ठेवली. अधांतरी गुडघा आपल्याच वजनाने खाली जाऊ लागला. दिवसातून तीनदा, दहा-दहा मिनिटे, ती घड्याळ घेऊन शेजारी बसे. मी कळवळले की म्हणे, "अजून चार मिनिटं. उगाच हलू नकोस."

सकाळचा आकडा उतरू लागला: सहा, चार, दोन.

तपासणीच्या दिवशी सर्जननी मला आडवे झोपवून गुडघ्याखाली बोट सरकवून पाहिले. बोट शिरले नाही. "ठरल्या दिवशीच करू," ते म्हणाले. आईने माझ्याआधी वही उघडून पुढे धरली.

मी लिहिले: शून्य अंश.