तात्यांची किर्गिझ विभक्ती

माझे वडील दहावीच्या इंग्रजीत तीनदा नापास झाले आणि पन्नाशी उलटल्यावर किर्गिझ भाषेची विभक्ती शिकले.

आज तात्यांना जाऊन वर्ष झालं.

मी किर्गिझस्तानात एमबीबीएस करते. तिसऱ्या वर्षी पहिल्यांदा वॉर्डात उभं केलं. खेड्यातून आलेली एक पेशंट कळवळून किर्गिझमध्ये काहीतरी सांगत होती आणि मी ठोंब्यासारखी उभी.

बाहेर येऊन तिसगावला घरी फोन लावला. "तात्या, मला नाही जमणार. मी परत येते."

तात्या म्हणाले, "ये की. पन आधी सांग, घराला काय म्हनत्यात तिथं?"

"उय."

"आन् घरात?"

"उय्दो."

"घरातून?"

"उय्दोन."

"आगं, मंग हे तर आपलंच हाय! स-ला-ते, स-ला-ना-ते! किती विभक्त्या हायेत?"

"सहा."

"आपल्या आठ. दोन कमीच की!"

लगेच पुढची शंका. "संबोधन न्हाई? मंग हाक कशी मारत्यात?"

मला रडता रडता हसू आलं. परतीचं तिकीट काढायचं राहूनच गेलं.

मग रोज सकाळी फोन. तात्या पेशंट, मी डॉक्टर.

'बेल' म्हणजे कंबर, 'बेलिम' म्हणजे माझी कंबर. 'माझी' वेगळं म्हणायची गरजच नाही, शब्दामागे 'म' लावला की झालं. तात्यांना याचं भारी कौतुक.

"म्हंजे ज्याचं दुखतंय त्यो शब्दातच बसलाय व्हय!"

एकदा पाथर्डीच्या जीपमध्ये बसून फोनवर ओरडत होते, "बेलिम ओरुयत!" माझी कंबर दुखतेय.

शेजारच्यानं विचारलं, "कुनाशी बोलताय, तात्या?"

"डाक्टरशी."

मी तेव्हा सगळ्या विषयांत काठावर पास होत होते.

गेल्या महिन्यात वॉर्डात एका आजींनी मला विचारलं, "अतांग बारबी?" तुला वडील आहेत का?

मराठीत मी म्हणाले असते, मला वडील नाहीत. त्यात 'माझे' कुठेच येत नाही.

तिथे म्हणाले, "अताम जोक."

'अता' म्हणजे वडील. 'जोक' म्हणजे नाही. आणि मधे तो 'म'. वडील नाहीत हे सांगतानाही त्या भाषेत 'माझे' म्हणावंच लागतं.

मी तिथेच रडले, पेशंटसमोर. आजी बराच वेळ माझ्याशी बोलत राहिल्या.

तात्या, मला त्यांचा शब्द न् शब्द समजला.

तुमच्या लेकीचा नमस्कार.