घंटीनंतरची पानं

अकोल्याच्या कोर्टाबाहेर मी टायपिंग करतो. आमच्या वकीलसाहेबांची एक खोड आहे. न्यायाधीशांनी हात वर केला, की ते अर्धं वाक्य तोंडात ठेवून खाली बसतात. अशील चिडतात.

मध्यंतरी पक्षानं त्यांना एका रिकाम्या झालेल्या जागेवर, उरलेल्या आठ महिन्यांसाठी, राज्यसभेत पाठवलं. तिथलं त्यांचं एकमेव भाषण मीच टाइप केलं. विषय होता खारपाणपट्ट्यातलं पिण्याचं पाणी. गावांच्या नावांसकट पाच पानं झाली. माझं गाव चौथ्या पानावर होतं.

आम्ही सगळे बाररूममधल्या टीव्हीसमोर बसलो होतो. दुसऱ्या पानावर सभापतींची वेळ संपल्याची घंटी वाजली आणि साहेब खाली बसले.

मुदत संपवून ते परत आले, तेव्हा मी विचारलं, "साहेब, काहून बसले? बाकीचे त घंटी वाजली तरी बोलतच राह्यते."

"घंटी वाजली म्हणजे बसा लागते," ते म्हणाले. मग बॅगेतून उरलेली तीन पानं काढून माझ्यापुढे ठेवली. "याचा अर्ज कर. कलेक्टरले देऊ."

अर्ज टाइप करताना माझं गाव मी पहिल्या ओळीत घेतलं. साहेबांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.