लांडग्यावर आळ

आमच्या वस्तीच्या मागं खडकाळ माळ होता. कुसळी गवत, चार बोरी, थोडा तरवड, बस्स. इंदापूरकडं असे माळ पुष्कळ होते. कागदोपत्री त्याला पडीक म्हणत, म्हणून आम्हीही पडीकच म्हणायचो. आता तिथं ऊस आहे, पार दाराच्या पायरीपर्यंत. मला त्याचा वीट आलाय. पण खाते त्याचंच, तेव्हा गाऱ्हाणं सांगू कुणाला?

ज्वारी निघाली की दरवर्षी एक म्हातारे मेंढपाळ आमच्या मोकळ्या रानात मेंढरं बसवायचे. सगळी वस्ती त्यांना तात्या म्हणायची. लेंड्यांचं खत आम्हाला, माळाचं गवत त्यांच्या मेंढरांना. माळावरच्या घळीत लांडग्याचं बीळ होतं. वर्षाकाठी एखादं कोकरू जायचंच. तात्या त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे, पण नेलेल्या कोकरामागं कधी धावले नाहीत. "त्येचा वाटा हाय त्यो," म्हणायचे. मी चिडवायची, "तात्या, तुमचा जावईच की तो." त्यावर म्हणायचे, "जावयापरीस बरा. एक नेतो आन् गप जातो."

मग पाण्याची पाइपलाइन आली. भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, माळ सपाट करायला जेसीबी आणला. घळीत पिल्लं होती. तात्या म्हणाले, "धाकलं मालक, पिल्लं चालती हुस्तवर थांबा की." भाऊजी हसले. "लांडग्यापायी उसाची लागण लांबवू व्हय तात्या? लोक शेण घालतील तोंडात." माणूस वाईट नाही, दोन पोरींची शिक्षणं आहेत. मीही बोलून बघितलं, पण या घरात माझं ऐकतंय कोण. दुपारपर्यंत घळ बुजली. मादी पिल्लं घेऊन गेली की आतच राहिली, देव जाणे. नंतर तिचा आवाज कधी आला नाही.

पुढच्या वर्षी तात्या आले तेव्हा ओढ्याकाठचा एक तुकडा तेवढा उसाविना उरला होता. लांडगे असताना तिकडं भटकी कुत्री फिरकत नव्हती. आता पोल्ट्रीवाले मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकतात आणि त्यावर कुत्री माजलीत. एका पहाटे ती मेंढरांभोवतीची जाळी तोडून आत शिरली. मी चहा घेऊन गेले तर तात्या मेलेली कोकरं एकेक उचलून बांधावर ठेवत होते. खाल्लेलं एकही नव्हतं, नुसती फाडून टाकलेली. मला रडू आवरेना.

भाऊजींचं तोंड उतरलं होतं. फॉरेस्टचा माणूस पंचनाम्याला यायच्या आत त्यांनी तात्यांना बाजूला घेतलं. "लांडग्यानं मारली म्हना. जंगली जनावरानं मारलं तरच भरपाई मिळती, कुत्र्याची मिळत न्हाय. मी साक्ष देतो." अगदी मनापासून सांगत होते. मलाही वाटलं, म्हणा की हो तात्या, एवढ्यानं काय बिघडतंय.

फॉरेस्टचा माणूस आला. कागद काढून त्यानं विचारलं, "काय होतं बाबा? लांडगा?"

"कुत्री," तात्या म्हणाले.

भाऊजी मागून खूण करत होते. तात्यांनी ती बघितली आणि साहेबाकडंच तोंड ठेवून म्हणाले, "कुत्रीच हुती सायेब. लांडगं ह्येंनी कवाच गाडलं."

त्याच आठवड्यात तात्यांनी उरलेली मेंढरं बारामतीच्या बाजारात विकली.